चिमणीच्या पोटाखालचा 'आर'

आपल्या ताज्या एपिसोडचा हा लिखित भाग. लोकलमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी आणि ऑफिसात गुपचूप वाचणाऱ्यांसाठी. नेहमीसारखंच, बोललो तसं लिहिलंय. मधले "अं" आणि चहाचे घोट तेवढे काढून टाकलेत.

तुमच्या घरी हॉलमध्ये शोकेस आहे का? असेल तर मी न बघता सांगतो आत काय आहे. एक छोटा ताजमहाल, कुणाच्या तरी मुंजीत मिळालेला पितळी हत्ती, गोव्याहून आणलेली शिंपल्यांची होडी, आणि एक काचेचा हंस. आमच्याकडे हंस आहे. मान थोडी वाकडी, आत निळ्या रंगाची एक रेघ. लहानपणी त्याला हात लावला की आजीचा आवाज यायचा, "ठेव ते! फुटेल!" त्यामुळे काचेचे प्राणी म्हणजे लांबून बघायची गोष्ट, हे डोक्यात पक्कं बसलं होतं.

नोकरी लागल्यावर मात्र मी स्वतःसाठी एक विकत घेतला. आज त्याचीच गोष्ट आहे. आणि त्यातून फ्रान्सच्या सीमेवरच्या काही गावांची, चार वेळा बदललेल्या झेंड्याची आणि एका अक्षराची.

बावीस हजारांची चिमणी

दोन वर्षांपूर्वी बोनस आला. रात्री दोन वाजता मी एका परदेशी विक्रेत्याकडून ऑनलाइन एक काचेची चिमणी घेतली. तळहातावर मावेल एवढी, अंग दुधट, गाल फुगवून बसलेली, चोच जरा वर. किंमत, कुरिअर आणि कस्टम धरून बावीस हजार. घरी मी बावीसशे सांगितले. (आई, हा एपिसोड ऐकत असशील तर सॉरी.)

बावीस हजार कशाचे? तर तिच्या तळाशी बारीक अक्षरात कोरलं होतं, 'आर. लालिक, फ्रान्स'. इंग्रजी आर, पुढे टिंब, मग लालिक. फ्रेंच काचेच्या प्राण्यांच्या दुनियेत हा 'आर' फार मोठा माणूस आहे. आर म्हणजे रेने. रेने लालिक १९४५ मध्ये वारला. साधारण नियम असा की तो जिवंत असताना कारखान्यातून निघालेल्या वस्तूंवर 'आर. लालिक' असतं, आणि तो गेल्यानंतरच्या वस्तूंवर नुसतं 'लालिक' किंवा 'लालिक फ्रान्स'. साचा तोच असू शकतो, चिमणी तीच असू शकते. पण 'आर' असेल तर भाव कितीतरी पट वाढतो.

मला हे भारी वाटलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये आपण व्हर्जन नंबर टाकतो ना, तसं. एका अक्षरावरून कळतं की ही रिलीज कधीची आहे. चिमणी हातात घेऊन मी विचार करत बसलो की ही १९३० च्या आसपास कुणीतरी भट्टीतून काढली असेल. कोणी काढली असेल? तिथून वाचायला लागलो, आणि वाचता वाचता त्या 'आर'कडे संशयाने बघायला लागलो. संशयाचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी त्या भट्टीपर्यंत जाऊ.

जंगल, वाळू आणि सीमा

फ्रान्सचा नकाशा मनात आणा. पूर्वेला जर्मनीच्या बाजूला दोन प्रांत, लॉरेन आणि आल्सेस. दोघांच्या मधे व्होज नावाचे डोंगर. प्राणी बनवणारे मोठे काच-कारखाने बहुतेक इथलेच. बाकारा, सँ-लुई, दोम, आणि लालिकचा आजचा कारखाना, सगळे याच पट्ट्यात.

इथेच का? कारण अगदी साधं आहे. काचेला तीन गोष्टी लागतात. वाळू, वाळू लवकर वितळावी म्हणून क्षार, आणि प्रचंड जळण. डोंगरात वाळूचे दगड होते, भट्टीला लाकूड होतं, आणि तेच लाकूड किंवा नेचे जाळून राखेतून क्षार मिळायचा. वाहतं पाणी होतंच. म्हणून शेकडो वर्षं काचवाले या जंगलात भट्ट्या लावत आले. बाकाराचा कारखाना १७६४ मध्ये पंधराव्या लुईच्या परवानगीने सुरू झाला. सँ-लुई त्याहून जुना, त्याची मुळं १५८६ पर्यंत जातात.

पण जंगलाबरोबर इथे सीमाही होती. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि आल्सेस जवळजवळ पूर्ण आणि लॉरेनचा काही भाग जर्मनीत गेला. सँ-लुई रातोरात जर्मन कारखाना झाला. बाकारा थोडक्यात वाचला, फ्रान्सच्या बाजूला राहिला. लोकांना सांगितलं गेलं की फ्रेंच राहायचं असेल तर १ ऑक्टोबर १८७२ पर्यंत घरदार सोडून निघा. नाहीतर तुम्ही जर्मन.

निघालेल्यांमध्ये बिच गावचा एक नोटरी होता, जाँ दोम. म्हणजे कागदपत्रं करणारा माणूस, काचेशी काही संबंध नाही. तो सीमेच्या अलीकडे नान्सी शहरात आला. तिथल्या एका काच-कारखान्याला त्याने पैसे दिले, कारखाना चालेना, आणि १८७८ मध्ये तोच याच्या गळ्यात पडला. पुढे त्याची मुलं ऑग्युस्त आणि आंतोनँ यांनी तो नावारूपाला आणला. म्हणजे आज जगातल्या संग्राहकांना ठाऊक असलेलं 'दोम नान्सी' हे नाव एका बुडीत कर्जातून आणि एका निर्वासित कुटुंबातून आलंय.

काचेच्या कणकेतले सरडे

नान्सीत त्या काळात एमिल गाले नावाचा माणूस होता. काचकाम, फर्निचर, आणि वनस्पतीशास्त्राचा गाढा नाद. त्याच्या भांड्यांवर चतुर, फुलपाखरं, भुंगे दिसायला लागले. १९०१ मध्ये त्याच्या पुढाकाराने नान्सीच्या कलाकारांची संघटना उभी राहिली. त्यांचं म्हणणं असं की नक्षी ग्रीक-रोमन पुस्तकातून उचलू नका, दाराबाहेर जाऊन बघा.

पण गालेचे प्राणी बहुतेक भांड्याच्या अंगावर होते. प्राणी स्वतः काचेचा, हातात धरता येईल असा, हे काम दोमच्या कारखान्यात अमाल्रिक वाल्टरने केलं. हा १९०५ च्या सुमारास तिथे आला. मूळचा सेव्हर गावचा, चिनी मातीच्या कामात तयार झालेला. तो जे तंत्र वापरायचा त्याचं नाव 'पात द व्हेर'. 'पात' म्हणजे मळलेलं पीठ, 'व्हेर' म्हणजे काच. काचेची कणीकच म्हणा ना.

कृती ऐका. काच कुटून तिची पूड करायची. त्यात रंग देणारी धातूंची ऑक्साइडं मिसळायची, चिकटपणासाठी काहीतरी घालायचं आणि हा लगदा साच्यात भरायचा. सरड्याची पाठ हिरवी हवी तर तिथे हिरवी पूड, पोट पिवळं हवं तर तिथे पिवळी. मग साचा भट्टीत. पूड वितळून एकजीव होते, आणि मग अगदी सावकाश थंड करायची. घाई केली तर बाहेरची काच आधी आकसते, आतली नंतर, आणि त्या ओढाताणीत तडा जातो. शेवटी साचा फोडून वस्तू बाहेर. साचा फुटला की तो गेला, पुढच्या वस्तूला नवा. म्हणून दोन सरडे रंगाने कधीच हुबेहूब सारखे नसतात.

आता इथे एक गंमत. त्या सरड्यांचे, खेकड्यांचे, बेडकांचे मूळ नमुने बऱ्याचदा आँरी बेर्जे नावाच्या कलाकाराचे असायचे. काच वाल्टरची, आकार बेर्जेचा. पण कारखान्यातून बाहेर पडताना नाव कोणाचं? दोम नान्सी. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, वाल्टरने स्वतःची कार्यशाळा काढली, आणि त्यानंतरच्या तुकड्यांवर 'अ. वाल्टर नान्सी' दिसतं. काही तुकड्यांवर त्याच्या शेजारी बारीक अक्षरात बेर्जेचंही नाव आहे. मला हे वाचून बरं वाटलं. ऑफिसात कोड आपण लिहितो आणि प्रेझेंटेशनवर नाव मॅनेजरचं असतं, हे दुःख ज्याने भोगलंय त्याला कळेल.

हिरे सोडलेला सोनार

आता रेने लालिककडे येऊ. जन्म १८६०, शँपेन वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या भागातलं आय नावाचं गाव. वडील लवकर गेले आणि सोळाव्या वर्षी तो पॅरिसमध्ये एका नामांकित सोनाराकडे उमेदवारीला लागला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत तो फ्रान्सचा सर्वांत गाजलेला दागिने घडवणारा झाला होता. त्याचा एक दागिना आज लिस्बनच्या गुलबेंकियान संग्रहालयात आहे. चतुराचं अंग, त्याच्या तोंडातून बाहेर येणारी बाई, पुढे मोठे पंजे. छातीवर लावायचा दागिना आहे हा, पण बघून जरा घाबरायला होतं.

त्याची खासियत अशी की तो किमती खड्यांच्या मागे नव्हता. शिंग, मीनाकारी, हस्तिदंत, काच, जे शोभेल ते. एखाद्या वस्तूची किंमत तिच्यातल्या हिऱ्याच्या वजनावर का ठरावी, हा त्याचा रोख. पण दागिन्यांत यश मिळालं तशी नक्कलही सुरू झाली. बाजारात सगळीकडे लालिकसारखे चतुर आणि लालिकसारखी फुलं.

१९०७-०८ च्या सुमारास फ्रांस्वा कोती नावाच्या अत्तरवाल्याने त्याला बाटल्यांचं काम दिलं. एक दागिना एका बाईसाठी असतो, बाटली हजारोंसाठी. लालिकने १९०९ मध्ये पॅरिसजवळ कोंब-ला-व्हील इथे काच-कारखाना भाड्याने घेतला आणि १९१३ मध्ये विकतच घेतला. एकेक दागिना घडवणारा माणूस पन्नाशीत साच्याकडे वळला.

मग महायुद्ध झालं. १९१८ मध्ये जर्मनी हरला, आल्सेस आणि लॉरेन परत फ्रान्सकडे आले. सरकारला या प्रांतात फ्रेंच उद्योग हवे होते, आणि लालिकला पिढीजात काचेचे कारागीर हवे होते. १९२१ मध्ये त्याने आल्सेसमध्ये विंजेन-स्युर-मोदेर या छोट्या गावात नवा कारखाना उभारला. माझ्या चिमणीचं माहेर हेच.

साच्यातून मूर्ती, हातातून नजर

दाबकामाची काच कशी होते ते थोडक्यात. आधी कलाकार नमुना करतो. त्यावरून धातूचा साचा. मग एक कारागीर भट्टीतून लालभडक काचेचा गोळा काढून साच्यात सोडतो, दुसरा बरोबर हवा तेवढाच ठेवून बाकीचा कापतो, आणि वरून दट्ट्या दाबतात. काच कोपऱ्याकोपऱ्यात शिरते. पिसांच्या रेघा, डोळ्याची कड, सगळं उमटतं. काच जास्त थंड झाली तर बारकावे येत नाहीत, जास्त गरम असली तर साच्याला चिकटते. तेवढ्या काही सेकंदांचा खेळ.

म्हणजे मग ही यंत्राची वस्तू झाली का? पेणला गणपतीच्या कारखान्यात गेलेल्यांना उत्तर माहीत आहे. मूर्ती साच्यातून निघते, पण डोळ्यांची आखणी हातानेच होते, आणि तो हात सगळ्यांकडे नसतो. विंजेनमध्येही तसंच. साच्यातून निघालेल्या चिमणीची शिवण घासून काढायची, कुठे आम्लाने दुधट करायची, कुठे घासून चकाकी आणायची. धुक्यासारखं अंग आणि उठावाच्या जागी चमक, हा लालिकचा ओळखीचा थाट असा हाताने येतो.

दुसरी जादू म्हणजे ओपल काच. ही बघितली नसेल तर मोबाइलवर नक्की शोधा. समोरून निळसर दुधी दिसते, आणि मागे दिवा धरला की मधासारखी पिवळी. रंग घातलेलाच नसतो! काचेत फ्लोराइड किंवा फॉस्फेटसारखे पदार्थ मिसळतात. काच थंड होताना त्यांचे अतिसूक्ष्म कण आत तयार होतात. हे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, पिवळा-तांबडा सरळ जाऊ देतात. दुपारचं आकाश निळं आणि संध्याकाळचं केशरी दिसतं, त्यामागेही असाच प्रकार आहे. आणि जाड भाग सावकाश थंड होतो, तिथे कणांना वाढायला वेळ मिळतो, म्हणून माशाचं पोट दुधट आणि पंखांची कड पारदर्शक. कुठे जाडी किती ठेवायची हे ठरवून कारागीर जणू रंगच भरत होते.

ओपल काचेचा दुसरा मोठा गडी मारियुस-एर्नेस्त साबिनो. हा मूळचा सिसिलीचा, १८७८ चा जन्म, लहानपणी फ्रान्सला आलेला. त्याचे छोटे पक्षी, मासे, ससे, गोगलगाई आजही नव्याने गोळा करणाऱ्यांना त्यातल्या त्यात परवडतात. पॅरिसच्या एत्लिंग या दुकानदार कंपनीनेही शिल्पकारांकडून नमुने घेऊन ओपल काचेच्या मूर्ती काढल्या. आणि बाकारामध्ये जॉर्ज शेव्हालिए याने पारदर्शक क्रिस्टलचे ठसठशीत, कोनदार प्राणी आणले.

हे सगळे १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकत्र आले. ज्याला आपण 'आर्ट डेको' म्हणतो ते नाव याच प्रदर्शनाच्या नावावरून पुढे पडलं. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या इमारती ज्या शैलीत बांधल्या त्याच शैलीचं हे घराणं. लालिकने तिथे प्रचंड मोठं काचेचं कारंजं उभारलं होतं. आणि त्याच वर्षी आयफेल टॉवरवर दिव्यांनी 'सित्रोएन' असं नाव झळकत होतं. ही मोटार कंपनीची जाहिरात. लालिकने सित्रोएनसाठी बॉनेटच्या टोकावर लावायची एक काचेची मूर्ती केली. पाच घोडे, एकापाठोपाठ एक उधळलेले. गाडीचं मॉडेलच 'पाच घोडे', म्हणजे पाच हॉर्सपॉवर!

मग त्याने अशा तीसच्या आसपास मूर्ती काढल्या. कोंबडा, चतुर, बेडूक, मासा, रानडुक्कर, घोड्याचं डोकं, गरुडाचं डोकं, कोल्हा. काहींच्या खाली छोटा बल्ब बसवता यायचा. लंडनच्या एका दुकानात रंगीत काचेच्या चकतीसकट त्याची बैठक मिळायची. रात्री रस्त्यावर निळा चतुर उडत येताना दिसत असेल. पण विचार करा, गाडीच्या तोंडावर काच! खडा उडाला, इंजिन तापलं, कुणाचा धक्का लागला की संपलं. म्हणून त्यातला कोल्हा आज जगात बोटांवर मोजण्याइतकाच उरलाय आणि लिलावात त्याला आलिशान मोटारीची किंमत येते. ज्या माणसाने हिरे सोडून साचा धरला, काच पुष्कळांच्या घरात जावी म्हणून, त्याच्याच वस्तू फुटून फुटून हिऱ्यांच्या भावाला गेल्या.

माझी चिमणी याच काळातली रचना. १९३० च्या आसपास लालिकने चिमण्यांचा एक संचच केला. एक ऐटबाज, एक लाजरी, एक टवाळ, एक धीट. प्रत्येकीला स्वभावाचं नाव आहे. कागदावर ठेवायचं वजन म्हणून विकायचे.

चार झेंडे

समजा १८७० मध्ये विंजेनमध्ये एक मुलगा जन्मला. तो फ्रेंच. एक वर्षाचा झाला तेव्हा जर्मन. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी परत फ्रेंच. पन्नाशी ओलांडल्यावर कदाचित त्याला लालिकच्या कारखान्यात काम मिळालं असेल. मग १९४०, सत्तरीत पुन्हा जर्मन. आणि पंचाहत्तर वर्षं जगला असेल तर परत फ्रेंच. घर एकच, गाव एकच.

१९४० मध्ये जर्मनीने आल्सेस नुसतं व्यापलं नाही, आपल्या देशाला जोडूनच टाकलं. विंजेनची भट्टी विझली, कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला. १९४२ पासून तिथल्या तरुणांना सक्तीने जर्मन सैन्यात भरती केलं. आल्सेस आणि शेजारच्या मोझेल भागातून मिळून सुमारे १,३०,००० जण. त्यांना आजही 'आमच्या मर्जीविरुद्ध' या अर्थाच्या शब्दाने ओळखतात. ज्या हातांनी काचेत चिमणीची पिसं उमटवली त्यांच्या घरातली पोरं रशियाच्या आघाडीवर गेली. बरीचशी परत आली नाहीत.

जानेवारी १९४५ मध्ये तर लढाई विंजेनच्या गल्ल्यांत आली. जर्मन डोंगरी सैन्याने गाव घेतलं आणि अमेरिकन सैनिकांनी घरोघर लढून ते परत मिळवलं, कडाक्याच्या बर्फात. त्याच वर्षी मे महिन्यात युरोपातलं युद्ध संपलं. त्याच मे महिन्यात पॅरिसमध्ये रेने लालिक वारला, पंच्याऐंशी वर्षांचा होऊन. विंजेनची भट्टी पुन्हा पेटलेली त्याने पाहिली नाही.

पेटवली त्याचा मुलगा मार्क याने. आणि त्याने काच बदलली. वडील साधारण बारा टक्के शिसं असलेली अर्ध-क्रिस्टल काच वापरायचे. ती दाबकामाला सोयीची. मार्कने पूर्ण क्रिस्टल घेतलं, चोवीस टक्के शिशाचं. ते जड, जास्त चकाकणारं. काही जुने नमुने पुन्हा काढले, त्यात चिमण्याही आल्या. सहीतला 'आर' मात्र गेला. मार्कनंतर १९७७ पासून त्याची मुलगी मारी-क्लोद हिने सूत्रं घेतली. १९९४ मध्ये कंपनी कुटुंबाच्या हातून गेली, पण कारखाना अजून विंजेनलाच आहे. २०११ पासून गावात लालिकचं संग्रहालयही आहे, एका जुन्या काच-कारखान्याच्या जागेवर.

किचनमधली लॅब

आता माझ्या चिमणीकडे. हे सगळं वाचल्यावर डोक्यात एक गोष्ट आली. 'आर'वाली असेल तर अर्ध-क्रिस्टल, 'आर'नंतरची असेल तर पूर्ण क्रिस्टल. शिसं जड असतं. म्हणजे घनता मोजली की कळेल! सातवीचं विज्ञान, आर्किमिडीज.

आईचा केक करायचा डिजिटल काटा घेतला. चिमणी कोरडी वजन केली, ४१२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य केला आणि चिमणीला दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवली, तळाला न टेकवता. काटा दाखवतो तेवढ्या ग्रॅमचं पाणी तिने बाजूला सारलं. १४१. भागाकार केला, २.९२. युरोपचा १९६९ चा नियम सांगतो की चोवीस टक्के शिशाचं क्रिस्टल म्हणवायचं तर घनता किमान २.९ हवी. तुलनेसाठी आजीचा हंसही बुडवला (घरी कुणी नसताना). २.५१. साधी बाटलीची काच.

म्हणजे चिमणी पूर्ण क्रिस्टलची. १९४५ नंतरची. एकट्या घनतेवर निकाल देऊ नये, म्हणून मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून सही बघितली. तळावर वर्षानुवर्षं टेबलावर सरकून आलेले बारीक ओरखडे होते. ते 'लालिक फ्रान्स' या अक्षरांवरून जात होते, अक्षरांच्या कडा त्यांनी बोथट केल्या होत्या. 'आर'वरून एकही ओरखडा जात नव्हता. 'आर'च त्या ओरखड्यांना कापत गेला होता, कडा ताज्या, आतली काच पांढरी. कुणीतरी नंतर, बहुधा छोट्या ड्रिलने, खऱ्या सहीपुढे एक अक्षर जोडलं होतं. युद्धाआधी 'आर. लालिक फ्रान्स' अशी सहीही वापरात होती, त्यामुळे काम सोपं. चार रेघांत पंधरा हजार रुपये.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, जशी मिळाली तशी विकली. विषय संपला.

दोन दिवस मी चिडलेलो होतो, पैशांवर. नंतर चिडलो ते वेगळ्याच गोष्टीवर. त्या खोट्या 'आर'ने चिमणीवरचा खरा मजकूर खोडला होता. तिच्या पोटावर आधी जे होतं ते अगदी खरं होतं. फ्रान्समध्ये, म्हातारा गेल्यानंतर, लढाईने होरपळलेल्या गावात, परत पेटलेल्या भट्टीवर, परत आलेल्या माणसांनी केलेली चिमणी. नवी काच, जुना आकार. यात लाजण्यासारखं काय होतं की कुणाला त्यावर रेनेचं अक्षर चिकटवावंसं वाटलं? आणि खरं सांगायचं तर मीही त्या एका अक्षराचेच पैसे मोजले होते, चिमणीचे नाही.

मग मी एक छोटी चिठ्ठी केली आणि तिच्या तळाशी चिकटवली. 'लालिक, फ्रान्स. १९४५ नंतर. आर खोटा, बाकी सगळं खरं.' मी नसताना पुढे कुणी विकलीच, तर त्याला तरी फसायला नको. चिमणी आता शोकेसमध्ये आहे, हंसाच्या शेजारी. आईला खरी किंमतही सांगितली. ती दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, "कापूस घाल खाली. फुटेल."

तुमच्यापैकी कुणी असं काही विकत घेणार असाल तर तीन गोष्टी करा. सही बघायच्या आधी वस्तू बघा, कडा आणि चकाकी हाताने केल्यासारखी वाटते का ते. सही भिंगातून बघा, ओरखडे तिच्यावरून जातात की ती ओरखड्यांवरून. आणि काटा नि पाण्याचं भांडं घरात आहेच.

आणि आज घरी गेल्यावर शोकेसमधला प्राणी अलगद उलटा करून बघा. खाली एखादं नाव, गावाचा शिक्का, स्टिकरचा उरलेला कोपरा, काहीही असेल तर फोटो काढून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये तुमच्या हंसांबद्दल बोलू. आणि आजी बघत नाही ना, ते आधी तपासा. तोपर्यंत, भेटू!